बरडावर ठेवलेला दगड

तो दगड मी रागाने ठेवला होता. देवाच्या नावाने ठेवायचा दगड रागाने ठेवू नये, एवढी अक्कल एकोणिसाव्या वर्षी असायला हरकत नव्हती, पण मला नव्हती. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. आजही असतो, घरात कोणालाही विचारा.

लग्न होऊन मी वर्धेकडून चांदा जिल्ह्यात आले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. नवरा कोळशाच्या खदानीत हाजिरीबाबू. खदानीच्या क्वार्टरांच्या रांगेत आमच्या दोन खोल्या, पुढे मातीचा ओटा, मागे लाकडं रचायला छपरी. घरात आम्ही तिघंच होतो, हे, मी आणि सासूबाई. सासूला तिकडे आत्याबाई म्हणायची रीत, म्हणून मीही आत्याबाईच म्हणायची. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण ते त्यांना कोणी म्हटलेलं खपत नसे. तांदळातले खडे त्या डोळ्यांनी पाहून नाही, बोटांनी चाचपून काढत. आणि एकही खडा सुटत नसे, हे मी मुकाट्याने कबूल करते.

मी मास्तरांची मुलगी. वाचायला-लिहायला येत होतं, आणि आपल्याला जरा जास्तच कळतं असंही वाटत होतं. आत्याबाईंची प्रत्येक रीत मला खुळेपणाची वाटायची. त्यातली सगळ्यात खुळी रीत म्हणजे बरडावर दगड नेण्याची.

आमच्या वस्तीपासून दीड कोसावर एक जुनी खदान होती, कधीच बंद पडलेली. तिच्या वरच्या माळाला सगळे बरड म्हणत. चांद्याच्या मुलखात जिकडे पाहावं तिकडे साग, मोह, बांबू, पण या बरडावर झाड नाही, गवताची काडी नाही. भर पावसाळ्यातही तिथे काही उगवत नसे. खाली राहिलेला कोळसा आतल्या आत धुमसत होता आणि वरची माती भाजून निघाली होती. त्या भाजण्याचे रंग काय सांगू? एका अंगाला विटेसारखी लाल, तिच्या पलीकडे हळदीची पिवळी, मधूनच जांभळट पट्टे, कुठे राखेचा निळसर करडा, आणि अगदी टोकाला पांढऱ्या मातीची दरड, उन्हात डोळे दिपवणारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड उघडं टाकून उभी राहिले होते. हिवाळ्यात सकाळी भेगांतून धूर निघे. चपला नसल्या तर काही ठिकाणी तळवे पोळत.

त्या मातीने सगळ्या गावांच्या भिंती पोतल्या जात. सणाआधी, लग्नाआधी बाया टोपली घेऊन बरडावर जात. चौकटीला गेरू, खाली पिवळा पट्टा, वर पांढरी माती. बरडावरून जायची एकच पाऊलवाट होती आणि त्या वाटेवर दगडांच्या अकरा राशी होत्या. एका राशीवरून पुढची दिसे, तिच्यावरून पुढची. वाट मात्र सरळ नव्हती. चौथ्या राशीपाशी पांढरी दरड अगदी समोर दिसायची, हाकेवर. पण वाट तिथून डावीकडे वळायची आणि चांगला अर्ध्या तासाचा वळसा घालून दरडीपाशी पोचायची. का, तर राशी तशा होत्या म्हणून.

प्रत्येक बाईने प्रत्येक खेपेला घरून एक दगड न्यायचा आणि जी रास खचलेली दिसेल तिच्यावर ठेवायचा. बरडावर नुसती भुसभुशीत माती, दगड मिळत नाही, म्हणून घरून. खदानीच्या मायचा मान, असं म्हणायचे. राशीवरचा दगड उचलणं तर फार मोठं पाप. मी एकदा आत्याबाईंना विचारलं की मायला आमचे दगड कशाला हवेत. त्या म्हणाल्या, "चालत आलं हाय. तू रास पाहून चाल, बाकी फालतू बोलू नको."

आता त्या दगडाचं सांगते. आमच्या घरी एक पाटा-वरवंटा होता, आत्याबाईंच्या लग्नातला. तीस वर्षं त्यांचेच हात त्यावर फिरलेले, त्यामुळे वरवंट्याच्या दोन्ही टोकांना त्यांच्या मुठीचे खोलगट ठसे पडले होते. फाल्गुनात एक दिवस मी तो धुवायला नेला आणि माझ्या हातून निसटून दगडी पायरीवर पडला. बरोबर मधून दोन तुकडे झाले.

आत्याबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही तुकडे चाचपले आणि एवढंच म्हणाल्या, "मास्तराच्या घरी चटणी पुस्तकावर वाटत असन." शेजारच्या बायका ओट्यावर बसल्या होत्या, त्या हसल्या. मी लाल झाले, पण तोंडातून शब्द काढला नाही, कारण सासूला उलट बोलायचं नाही असं आईने बजावून पाठवलं होतं. मी आत जाऊन चुलीत नको तितकी लाकडं घातली.

दुसऱ्याच दिवशी बाया होळीच्या पोतणीसाठी माती आणायला निघाल्या. आत्याबाईंनी वरवंट्याचा एक तुकडा माझ्या टोपलीत ठेवला. "फुटका दगड घरात नको. शेवटच्या राशीवर ठेवजो, ते अकरावी खचली म्हणतात."

म्हणजे माझीच चूक माझ्या डोक्यावर देऊन दीड कोस चालवणार होत्या. तो तुकडा काही फार जड नव्हता, पण मला डोंगर वाटत होता. मी मुद्दाम मागे रेंगाळले. बाकीच्या बाया पुढे गेल्या, वळसा घालून दिसेनाशा झाल्या. चौथ्या राशीपाशी मी एकटीच उभी होते. समोर पांढरी दरड. ऊन मी म्हणत होतं. मनात म्हटलं, मरू दे ते वळण, आणि मी सरळ आत शिरले. चाळीस-पन्नास पावलं गेल्यावर घाम पुसायला थांबले, टोपली उतरवली आणि तो तुकडा तिथेच मातीवर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. "घ्या तुमचा मान," असं मोठ्याने म्हटल्याचंही आठवतं. ऐकायला कोणी नव्हतं. मग तशीच सरळ चालत दरडीपाशी गेले आणि बाकीच्या बायांच्या आधी पोचले, याचा मला आनंदच झाला.

येताना मी सगळ्यांबरोबर वळशानेच आले. घरी आत्याबाईंनी विचारलं, "ठेवला?" मी म्हटलं, "ठेवला." यात खोटं काही नव्हतं.

मग लग्नसराई आली. चैत्र-वैशाखात आसपासच्या दहा गावांच्या बाया बरडावर माती न्यायला यायच्या. एक दिवस नळावर कोणीतरी म्हणालं, "आता बरडावर नवी रास झाली वो. सरळ वाट हाय, जल्दी जाणं होते." माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. माझ्या तुकड्याशेजारी कोणीतरी आपला दगड ठेवला होता. दोन दगड पाहून तिसरीने ठेवला. तीन झाल्यावर ती रासच झाली, आणि राशीवर दगड ठेवायचा असतो. खरं सांगायचं तर मला गंमत वाटली. मास्तरांच्या मुलीने वाट सरळ केली, असं मनात आलं आणि मी घागर उचलून हसत घरी आले.

ते हसू आषाढात जिरलं. जुन्या खदानीच्या कडेला चरणारा एक बैल पाऊस चालू असताना जमिनीत गेला. गेला म्हणजे उभ्याउभी गेला, वर नुसती वाफ येत राहिली. ही बातमी घेऊन आमच्या ओट्यावर एक म्हातारे गोंड बाबा आले. जुन्या खदानीत त्यांनी तरुणपणी छत ठोकायचं काम केलं होतं. लोखंडी गजाने वरचं छत ठोकायचं, आवाज ठणठणीत आला तर ठीक, बद्द, पोकळ आला तर माणसं मागे घ्यायची. आत्याबाईंची आणि त्यांची जुनी ओळख. मी चहा घेऊन गेले तर ते सांगत होते, "बायाइले सांगा, राशी सोडून चालू नोका. पाणी मुरून राह्यलं, जमीन सडली."

मी विचारलं, "बाबा, राशीचं आणि बैलाचं काय?"

ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, खाली खदान हाय. कोळसा काढते वेळी मधात मधात खांब सोडतात, कोळशाचेच, छत थोपवाले. खदान बंद झाली तवा मले ठाऊक होतं कोणता खांब कुठी हाय. पहिल्या राशी म्याच मांडल्या, खांबाच्या डोक्यावर. बाया खांबाखांबावरून जाते. मधात समदं पोकळ. त्यात आग लागली, आता तं खांबच जळून राह्यले. तुमच्या वाटेच्या बाजूले आग नाई पोचली अजून."

"आणि दगड?"

"पावसात राशी वाहून जाते. दरसाली कोणी ठेवले नाई तं दोन वर्षांत वाट मिटन. मायचं नाव घेतलं तं लोक ठेवते. खांबाचं नाव घेऊन कोण दगड वाहीन?"

मी हातातली कपबशी खाली ठेवली. जरा वेळाने, जणू सहज, विचारलं, "आणि कोणी भलत्याच ठिकाणी रास मांडली तर?"

बाबा खळखळून हसले. "घरून दगड वाहून नेऊन खोट्या जागी ठेवाले कोणी पागल हाय काय?"

आत्याबाईही हसल्या. मी चहाचं भांडं घासायला मागे गेले ते बराच वेळ परत आले नाही.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. भाकरी तव्यावर करपायची. पाणी भरून आणलं की मी ते परत सांडायची. पावसात कोणी बरडावर जात नाही एवढाच दिलासा होता, पण दिवाळीआधी सगळ्या जाणार होत्या, आणि आत्याबाई सगळ्यांत पुढे. वयाचा मान म्हणून वाटेवर त्याच पहिल्या असायच्या. सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवायची. मग डोळ्यांसमोर यायचं की ओट्यावर बायका जमल्यात आणि म्हणताहेत, बाहेरून आलेल्या सुनेने मायचा मान फेकून दिला, बायांना खड्ड्यात घालायला निघाली. माहेरी पाठवून देतील, असंही वाटायचं. वडिलांना काय सांगू? बायांच्या जिवाची भीती मला माझ्या लाजेपेक्षा लहान वाटत होती, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

भाद्रपदात उघडीप झाली तशी मी लाकडं आणायच्या निमित्ताने एकटीच बरडावर गेले. ठरवलं होतं, कोणी पाहायच्या आत रास मोडायची. पावसाने रंग आणखी गडद झाले होते, लाल माती ओली होऊन कुंकवासारखी दिसत होती. चौथ्या राशीपासून हातात काठी घेऊन, ठोकत ठोकत निघाले. बाबा म्हणाले तसा आवाज येतो का ऐकत होते, पण मला सगळे आवाज सारखेच वाटत होते.

माझा एक दगड होता तिथे गुडघ्याएवढी रास झालेली. वर हळद-कुंकू, कोणीतरी बांगडी ठेवलेली, सुकलेली मोहाची पानं. आणि तिच्यापुढे वीस पावलांवर दुसरी रास. आणि तिच्याही पुढे, थोडी उजवीकडे, तिसरी. माझा एक दगड सोडला तर यातलं काही मी केलं नव्हतं. वाट आपली आपणच पुढे गेली होती.

मी वाकून वरचा एक दगड उचलला. तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन उचलून राह्यली वो? ठेव तो." शेजारच्या गावची एक म्हातारी चौथ्या राशीपाशी उभी होती. "कोणाची सून हायेस? मायचा दगड उचलतेस?" मी काय करायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी दगड होता तिथे परत ठेवला, त्यावर हात जोडले आणि घरी आले. म्हणजे मोडायला गेले त्या राशीच्या मीच पाया पडून आले.

घरी हे जेवत असताना मी एकदा म्हणाले, "बरडाची वाट खचली आहे म्हणतात. आत्याबाईंना यंदा नको पाठवायला." हे म्हणाले, "मायले कोण थांबवन? तूच सांगून पाह्य." मी सांगून पाहिलं. डोळ्यांचं कारण काढलं. आत्याबाई ताडकन म्हणाल्या, "मी आंधळी झाली काय? तू आली नव्हती तवापासून जाऊन राह्यली मी." विषय तिथेच संपला. मी मनात ठरवलं की माती आणायला जायच्या दिवशी आपण सगळ्यांच्या पुढे चालायचं आणि चौथ्या राशीपाशी काही झालं तरी डावीकडे वळवायचं. बस, एवढं केलं की झालं.

आणि नेमकी त्याच दिवशी यांची पाळी बदलली. सकाळी सकाळी माणूस सांगायला आला, यांना लगेच खदानीवर जायचं, डबा हवा. आत्याबाई टोपली घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "तू डबा देऊन मागून ये. आमी हळूहळू होतो पुढं." मी म्हटलं, "थांबा, मी आलेच." त्या म्हणाल्या, "ऊन चढन." आणि पाच बायांबरोबर निघाल्या.

दोन भाकरी कशाबशा टाकल्या, एक कच्चीच राहिली, तशीच फडक्यात बांधून यांच्या हातात दिली. हे म्हणाले, "भाजी?" मी म्हटलं, "नाही भाजी." आणि पदर खोचून धावत सुटले. दीड कोस मी कशी गेले ते मला आठवत नाही. वाटेत एक चप्पल तुटली ती तिथेच टाकली, एवढं आठवतं. सगळ्या वाटेवर मी एकच म्हणत होते, डावीकडे वळल्या असू देत, डावीकडे वळल्या असू देत.

चौथ्या राशीपाशी पोचले आणि समोर पाहिलं. सहाही जणी सरळ आत गेलेल्या होत्या. पण चालत नव्हत्या. पाच बाया टोपल्या डोक्यावर घेऊन माझ्या राशीभोवती गप्प उभ्या होत्या आणि आत्याबाई राशीपाशी खाली बसल्या होत्या.

मी ओरडले, "हलू नका कोणी!"

"कोणी हलून नाई राह्यलं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "इकडे ऐक. हा आपला वरवंटा व्हय नं?"

त्यांच्या मांडीवर तो तुकडा होता. मला मागाहून कळलं ते असं. आत्याबाईंना कोणती रास खचली ते दिसत नव्हतं, म्हणून त्या प्रत्येक राशीपाशी बसून ती हाताने चाचपत. या राशीतही त्यांनी हात घातला, आणि तळाशी, सगळ्या दगडांच्या खाली, त्यांच्या बोटांना स्वतःच्याच मुठीचा ठसा लागला. तीस वर्षांचा. तेव्हाच त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आहे तिथे उभ्या राहा.

"हो," मी म्हटलं.

"म्या तं तुले अकरावीवर ठेवाले सांगतला होता."

"हो."

"मंग इथी कसा आला?"

पाचही बाया माझ्याकडे पाहत होत्या. आषाढापासून ज्याला भीत होते ते आता समोर होतं, आणि भ्यायला वेळ नव्हता. मी मोठ्याने सांगितलं, "मी ठेवला. मला तुमचा राग आला होता, वळसा घ्यायचा कंटाळा आला होता, म्हणून इथेच टाकला. ही खरी रास नाही. याच्याखाली खांब नाही, आत्याबाई. खाली पोकळ आहे."

एक बाई रडायला लागली. आत्याबाई तिला म्हणाल्या, "रडून भार कमी होते काय? चूप राह्य." मग एकेकीला, आल्या त्याच पावलांवर पाय देत, परत पाठवलं. एक पोचली की दुसरी. जाताना प्रत्येकीला राशीवरचे दोन-दोन दगड टोपलीत घ्यायला लावले. बाया कचरत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "मायचा कोप माह्यावर. तुमी घ्या." रास बरीच उतरली. उरलेले दगड त्यांनी स्वतः हातांनी चारी बाजूंना सारून टाकले.

सगळ्या माझ्यापाशी आल्या, आणि बरडावर आत्याबाई एकट्या राहिल्या. त्या उठून उभ्या राहिल्या, वरवंट्याचा तुकडा पदरात बांधला, काठी घेतली आणि तिथेच थांबल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना पावलांचे ठसे दिसत नव्हते.

मी पाय उचलला तशा त्या म्हणाल्या, "येऊ नको. दोघीचं वजन पडन. तिथूनच सांग."

"काय सांगू?"

"पाय कुठी टाकू ते सांग."

मी सांगायला लागले. उजवा पाय पुढे. आता डावा, जरा आत घ्या. नाही, तेवढा नाही. हां, टेका. ज्या बाईचा एकही शब्द मी मनापासून ऐकला नव्हता, ती बाई माझा प्रत्येक शब्द ऐकून पाऊल टाकत होती. एकदाही म्हणाली नाही की पक्कं सांग. मधे एका जागी त्यांची काठी पुढे टेकली आणि आवाज बद्द आला. दुसऱ्यांदा टेकली तर टोक वीतभर आत गेलं आणि बाजूने वाफ आली. त्या थांबल्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

मला ठसे दोन ठिकाणी दिसत होते, एक पुढे आणि एक डावीकडे, आणि कोणता आत्याबाईंचा ते कळत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसत मी खाली बसून पाहिलं. डावीकडच्या ठशाशेजारी काठीचं बारीक भोक होतं. येताना काठी होती ती फक्त त्यांच्याच हातात. "काठी काढून घ्या. डावीकडे. मोठं पाऊल टाका," मी म्हटलं. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि टाकलं.

त्या हाताच्या अंतरावर आल्या तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. त्यांनीच मला चौथ्या राशीपाशी बसवलं. बाया जरा लांब जाऊन बसल्या. आत्याबाईंनी श्वास घेतला आणि विचारलं, "तुले राग आला होता माहा?"

"हो."

"चटणीच्या बोलण्याचा?"

"हो. सगळ्यांसमोर बोललात. माझ्या वडिलांचं नाव काढलंत."

त्यांनी पदरात बांधलेला तुकडा चाचपला. मग म्हणाल्या, "मंग मले बोलाचं होतं वो. दगडाले काऊन सांगतलं?"

आम्ही उठलो, टोपल्यांतले दगड खऱ्या राशींवर ठेवत डावीकडच्या वळशाने दरडीपाशी गेलो आणि पांढरी माती घेऊन आलो. दिवाळी कोणासाठी थांबत नाही. भिंती पोतल्या, चौकटीला गेरू लावला. आसपासच्या गावांत आत्याबाईंनी निरोप धाडला की सरळ वाट खोटी आहे. कोणी मांडली, हे मात्र बाहेर आलं नाही. त्या पाच बायांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण नळावर कोणीही कधी विषय काढला नाही. यांनाही घरी काही कळलं नाही. वरवंट्याचा तो तुकडा आत्याबाईंनी परत पाट्यावर आणून ठेवला. नवा वरवंटा घेतलाच नाही. अर्ध्या वरवंट्याने वाटलेल्या चटणीत दाणे जाडे राहत, त्या तशीच खात.

मला वाटलं होतं की आता जीव हलका होईल. झाला नाही. मधली दुसरी आणि तिसरी रास तशीच होती, तिथवर जायची कोणाची हिंमत नव्हती. आठवडी बाजाराला लांबून बाया यायच्या, त्यांना मी वेड्यासारखी विचारायची, बरडावर कोणत्या वाटेने जाता? त्या चमकून बघत. हिवाळा, उन्हाळा, मी हेच विचारत राहिले.

पुढच्या आषाढात एक दिवस दुपारी हे पाळी संपवून घरी आले. मी पाट्यावर चटणी वाटत होते, आत्याबाई ताट वाढत होत्या. हे हात धुता धुता म्हणाले, "जुन्या खदानीचं बरड बसलं आज. आपली ही पूर्ण रांग मावन एवढा खड्डा पडला."

"कोणी होतं काय तिथी?" आत्याबाईंनी विचारलं.

"पावसात कोण राह्यते? कोणी नव्हतं. पण नवल असं का मायबाई, गेल्या आठवड्यात सर्वेवाले तिकडून पाहून आले, तं म्हणतात दगडाच्या राशी होत्या तिथी. बराबर मधात. एवढ्या आत कोण गेलं असन?"

माझा हात पाट्यावर थांबला. आत्याबाई म्हणाल्या, "जेव. भाकर थंडी होऊन राह्यली."

त्या मला झाकत होत्या. मी गप्प बसले असते तर ती गोष्ट तिथेच मिटली असती आणि त्यांनीही पुन्हा कधी काढली नसती. मी म्हटलं, "पहिला दगड मी ठेवला होता."

यांचा घास हातातच राहिला. मी खाली पाहत सगळं सांगितलं, वरवंटा फुटल्यापासून, काही न गाळता. यांच्या आईला कुठल्या पोकळ जमिनीवर नेऊन बसवलं होतं तेही सांगितलं. आत्याबाई सरकत माझ्यापाशी आल्या, पाटा चाचपला, माझ्या मुठीतून तो अर्धा वरवंटा काढून घेतला आणि राहिलेली चटणी वाटायला बसल्या.